पदव्यांच्या मधली वर्षे

आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात, मंडळाच्या कार्यालयात, जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोखाली पदव्यांची रांग लिहिलेली असते. एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी., डी.एस्सी., एलएल.डी., डी.लिट., बार-अ‍ॅट-लॉ. घाटकोपरच्या रमाबाई नगरातले पाचवीतले पोरही ती एका दमात म्हणून दाखवते. म्हणताना एक पदवी संपली की लगेच दुसरी येते. ऐकणाऱ्याला वाटते, बाबासाहेब एका विद्यापीठातून बाहेर पडले आणि दुसऱ्यात गेले. वाट सरळ होती.

वाट सरळ नव्हती. एका पदवीच्या आणि दुसऱ्या पदवीच्या मध्ये वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत अपमान आहे, कर्ज आहे, अर्धवट राहिलेला अभ्यास आहे, विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहणे आहे. बॅनरवर ती वर्षे लिहिलेली नसतात. आज ती लिहायला हवीत, कारण आपले कितीतरी तरुण सध्या नेमक्या त्याच वर्षांत आहेत.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही वस्तीत जा. वडिलांचे आजारपण आले म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडलेला, सहा-सात वर्षे गोदामात किंवा डिलिव्हरीवर काढलेला आणि आता पुन्हा फॉर्म भरलेला एक तरी मुलगा भेटेल. लग्न आणि बाळंतपण यांत शिक्षण थांबलेली आणि मूल शाळेत जायला लागल्यावर पुन्हा अर्ज केलेली एखादी ताई भेटेल. परदेशी विद्यापीठाचे पत्र हातात आहे, पण सरकारी शिष्यवृत्तीची यादी लागलेली नाही, असा एखादा भेटेल. या सगळ्यांना लोक एकच प्रश्न विचारतात: या वयात आता कशाला? आणि रात्री मोबाइलवर दहाव्यांदा ई-मेल उघडून पाहताना तेही स्वतःला हाच प्रश्न विचारतात.

त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या आयुष्यातली ही वर्षे.

परळच्या खोलीपासून न्यूयॉर्कपर्यंत

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झाले, कुटुंब साताऱ्याला आणि पुढे मुंबईला आले. परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार, स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे एवढी मोठी गोष्ट होती की त्यांचा सत्कार झाला. सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

पण सत्काराने फी भरली जात नाही. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये इंटरपर्यंत पोचेपर्यंत रामजींचे पैसे संपले. शिक्षण तिथेच थांबले असते. केळुसकर गुरुजी भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरे दिली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विद्यार्थी हुशार होता, तरी दार आपोआप उघडले नाही. हात धरून दारापर्यंत नेणारा माणूस लागला.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. घरात पत्नी रमाबाई आणि काही आठवड्यांचा यशवंत. अशा वेळी शिक्षणाचा विषय संपतो, हे आपण आपल्या घरांत पाहतो. पण बडोदा सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. त्यात भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली: शिकून आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथली तीन वर्षे त्यांनी अभ्यासात अक्षरशः जाळली. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध एका परिसंवादात वाचला गेला. तिथेच नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा खोलीतला सोबती झाला. या नावावर आपण पुन्हा येणार आहोत.

लंडन, आणि मध्येच तुटलेला धागा

१९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावे शिफारसपत्र दिले होते. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला. फी दहा गिनी. नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. दोन अभ्यासक्रम एकदम, आणि डोक्यावर पहिले महायुद्ध.

मग बडोद्याहून कळले की शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे, परत या. अभ्यास ऐन मध्यावर होता. हातात लंडनची कुठलीच पदवी नव्हती.

या क्षणी त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. ते नुसते बोटीत बसून निघून गेले नाहीत. त्यांनी विद्यापीठाकडे परवानगी मागितली आणि ती पदरात पाडून घेतली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. या कामी प्राध्यापक एडविन कॅनन यांची मदत झाली. म्हणजे दार लागले, पण कडी लागू दिली नाही. १९२१ च्या ऑक्टोबरपर्यंत ते दार ढकलता येणार होते. त्यानंतर नाही.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. अनेक वर्षांची टिपणे आणि ग्रंथ समुद्रात गेले. सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले आणि त्या पैशांवर ते करार पाळायला बडोद्याला निघाले.

तिथे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक, पण कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. राहायला घर कुणी देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस मुंबईच्या गाडीची वाट पाहत कमाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिला. त्या संध्याकाळी हिशेब केला असता तर तो असा होता: वय २६, लंडनचा अभ्यास अर्धवट, नोकरी गेलेली, पुस्तके बुडालेली आणि दहा वर्षांचा करार मोडलेला.

हातात फक्त चार वर्षांची परवानगी होती.

तीन वर्षे

ही तीन वर्षे आपल्या भाषणांत एका वाक्यात उरकली जातात. ती नीट पाहू.

मुंबईत परतल्यावर आधी पोटाचा प्रश्न होता. त्यांनी दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. तो चालू लागला आणि सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक आटले. एका व्यापाऱ्याच्या हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे काम केले. जगातल्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकलेला माणूस वह्या लिहीत होता.

पण त्याच काळात लेखणी थांबली नाही. जातिसंस्थेवरचा निबंध १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला होताच. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर त्यांनी परीक्षण लिहिले. ते ना विद्यार्थी होते, ना प्राध्यापक. कुठल्याही संस्थेचा शिक्का नव्हता. तरी अभ्यासकाचे काम चालू होते. विद्यापीठ त्यांना विद्यार्थी म्हणून परत कधी घेईल याची वाट न पाहता ते विद्यार्थी राहिले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार ४५० रुपये. तात्पुरती जागा. वर्गातल्या मुलांना सुरुवातीला वाटले की हा काय शिकवणार. काही महिन्यांत बाहेरच्या कॉलेजांतली मुले त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. आणि तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

४५० रुपये ही त्या काळात चांगली रक्कम होती. कुणीही म्हटले असते की आता स्थिर व्हा, मोठे घर घ्या. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती, बाकीचे लंडनसाठी बाजूला. त्या ठरावीक रकमेत महिना कसा निघाला याचा हिशेब कुठल्याही ग्रंथात नाही. तो रमाईंनी केला. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो तेव्हा रमाईंनी काढलेले महिनेही मोजावे लागतील. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. प्रतीक्षा फक्त अर्ज करणाऱ्याची नसते, ती सगळ्या घराची असते.

ही तीन वर्षे फक्त पैसे साठवण्याचीही नव्हती. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' सुरू झाला. सरकारी कॉलेजातल्या नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव घालता येत नव्हते, म्हणून पांडुरंग भटकर संपादक झाले. त्याच मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे.

विचार करा. वय २९. पक्की प्रतिष्ठा. हातात वृत्तपत्र, पाठीशी राजा, समोर समाज. अशा वेळी पुन्हा विद्यार्थी होऊन वर्गात बसायचे? अर्धवट राहिलेल्या पदवीसाठी? मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅमचा राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, नवल भथेनांकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या पुंजीवर जुलैमध्ये ते लंडनच्या बोटीत बसले. परवानगीची मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते.

अकरा गिनी

सप्टेंबर १९२० मध्ये ते पुन्हा लंडन स्कूलमध्ये दाखल झाले. फी आता अकरा गिनी झाली होती.

अकरा गिनी म्हणजे २३१ शिलिंग. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. दोन शिलिंग धरले तरी ही फी ११६ रुपयांच्या आत बसत होती. पण त्यानंतर रुपया कोसळला. १९२१ मध्ये तो सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. त्या भावाने तीच फी सुमारे १८५ रुपये झाली. मुंबईत पै-पै करून साठवलेल्या पैशाची किंमत लंडनमध्ये डोळ्यांदेखत कमी होत होती, आणि खोलीचे भाडे, जेवण, पुस्तके सगळे पौंडांतच द्यायचे होते. आज डॉलरचा आणि पौंडाचा भाव पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांना हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी या गोष्टीचे काय केले? रुपयाचा प्रश्न हाच त्यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय केला.

लंडनमधला दिवस असा होता. सकाळी घरमालकीण देईल तो तुटपुंजा नाश्ता. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडले की आत, बंद होईपर्यंत तिथेच. दुपारच्या जेवणावर पैसे घालवायचे नाहीत. संध्याकाळी इतर ग्रंथालये. रात्री पुन्हा वाचन, आणि भूक फार लागली की ओळखीच्याने दिलेले पापड. काही काळ ते किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात राहिले. तेच घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. आपली मुले तिथे जाऊन फोटो काढतात. ज्या खोलीत अर्धपोटी अभ्यास झाला ती हीच.

या काळातली एक छोटी गोष्ट मला फार जवळची वाटते. एप्रिल १९२१ मध्ये उन्हाळ्यातल्या परीक्षेचा फॉर्म बाबासाहेबांनी वेळेत पाठवलाच नाही. लंडन स्कूलच्या सचिव मिसेस मेअर यांना विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे पत्र लिहून उशिरा फॉर्म घेण्याची परवानगी मागावी लागली. फॉर्मची तारीख चुकली म्हणून स्वतःला दोष देत रडणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगा. तारीख चुकते. बाबासाहेबांचीही चुकली. अशा वेळी घरी बसायचे नसते, कार्यालयात जाऊन माणसाला गाठायचे असते. फॉर्म घेतला गेला, आणि त्याच वर्षी ते एम.एस्सी. झाले.

त्याच सुमारास त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही अर्ज केला. अर्ज स्वतः जर्मन भाषेत लिहिला. प्रवेश मिळाला, नाव पटावर चढले. पण लंडनच्या कामातून तिथे बसणे जमले नाही आणि हजेरी नसल्याने पुढे ते नाव कमी झाले. आपल्या पदव्यांच्या यादीत बॉन नाही. तेही त्यांच्या आयुष्याचा भाग आहे. सगळीच दारे शेवटपर्यंत जात नाहीत.

परत आलेला प्रबंध

जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठाकडे गेला. आणि १९२३ च्या मार्चपर्यंत कळले की तो आहे त्या रूपात मान्य होणार नाही.

आपल्याकडे असे सांगितले जाते की प्रबंधातली ब्रिटिश सरकारवरची टीका परीक्षकांना झोंबली. लंडन स्कूलमध्ये जपून ठेवलेल्या त्यांच्या विद्यार्थी-फायलीत तशी नोंद मात्र नाही. कारण काहीही असो, बाबासाहेबांच्या दृष्टीने परिस्थिती एकच होती. पैसे संपले होते. लंडनमध्ये थांबून दुरुस्ती करणे शक्य नव्हते. पदवी न घेता परत जायचे, तेही दुसऱ्यांदा.

एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले. वय ३२. पुन्हा परळची चाळ, पुन्हा रिकामा खिसा. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेही नवल भथेनांनी दिले. जुलैमध्ये उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटला घेऊन येणार कोण? अशा दिवसांत रात्री बसून त्यांनी प्रबंधावर पुन्हा काम केले आणि ऑगस्टमध्ये तो टपालाने लंडनला पाठवला.

आणि मग वाट पाहणे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पत्र बोटीने जायचे आणि बोटीनेच यायचे. त्या तीन महिन्यांत ते रोज कोर्टात जात होते. नोव्हेंबरमध्ये निर्णय आला. प्रबंध मान्य झाला. डॉक्टर ऑफ सायन्स. वर्ष संपायच्या आत 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक लंडनमध्ये छापून आले, प्राध्यापक कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. कॅनन यांना पुस्तकातले सगळे निष्कर्ष पटलेले नव्हते. तरी विद्यार्थ्याच्या कामाचे मोल त्यांनी मान्य केले. दोन वर्षांनी भारतीय चलनाचा विचार करणारा रॉयल कमिशन नेमला गेला, तेव्हा साक्ष द्यायला हाच विद्यार्थी बसला होता.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्टही अशीच लांबली. ज्या विद्यापीठात ते १९१३ मध्ये गेले, तिथली पीएच.डी. पदरात पडायला १९२७ साल उजाडले. छापील ग्रंथाच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत, आणि छपाईला पैसे लागत. ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला. १९२७ हे महाडचे साल. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणाऱ्या त्या पुढाऱ्याची एक पदवी तोपर्यंत कागदोपत्री अपुरीच होती.

दार रुंद करणारा माणूस

जो माणूस स्वतः इतका थांबला तो पुढे काय करतो? काही जण शिडी वर ओढून घेतात. बाबासाहेबांनी उलट केले.

जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये हे तिचे पहिले काम ठरवले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवल्या आणि काही मुले परदेशी शिकायला गेली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले.

सिद्धार्थ कॉलेजची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करणाऱ्याला सकाळी शिकून कामावर जाता यावे म्हणून. गिरणीत, कचेरीत, रेल्वेत काम करणारे, वय उलटून गेलेले, मध्ये शिक्षण सुटलेले विद्यार्थी त्या बाकांवर बसले. वर्गाची वेळ बदलणे ही साधी प्रशासकीय बाब वाटते. पण ज्याने शिकवण्या, हिशेबाचे काम आणि नोकरी करत अर्धी पदवी सांभाळली होती, त्यालाच ती सुचू शकते. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली, मुंबईत वाणिज्य आणि विधी महाविद्यालये आली. १९५२ मध्ये कोलंबियाने संविधानाच्या शिल्पकाराला एलएल.डी. देऊन गौरवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकच्या मुलाला दिलेल्या बुद्धचरित्रापासून दीक्षाभूमीपर्यंतचा प्रवास जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे. त्यातही घाई नव्हती.

आपण काय करायचे

ज्यांचा निर्णय अजून यायचा आहे अशा मित्रमैत्रिणींनो, बाबासाहेबांच्या या वर्षांतून चार गोष्टी घेता येतात.

पहिली, शिक्षण सोडावे लागले तर परत येण्याची वाट कागदावर घेऊन ठेवा. प्रवेश पुढे ढकलता येतो का, मुदत वाढते का, पूर्वीचे गुण धरले जातात का, हे विचारा. लाजू नका. बाबासाहेबांनी विचारले म्हणून १९२० शक्य झाले.

दुसरी, वाट पाहण्याची वर्षे गॅप म्हणून लपवू नका. त्या वर्षांत जे काम केले, जे वाचले, वस्तीत जे उभे केले ते अर्जात लिहा. 'मूकनायक' हे त्यांच्या गॅपमध्येच निघाले.

तिसरी, वयाचा प्रश्न विचारणाऱ्याला फोटोखालच्या पदव्यांची वर्षे सांगा. एम.एस्सी. तिसाव्या वर्षी, डी.एस्सी. बत्तिसाव्या वर्षी, कोलंबियाची पीएच.डी. छत्तिसाव्या वर्षी.

चौथी गोष्ट अर्ज करणाऱ्यांसाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी आहे. बाबासाहेबांना केळुसकर लागले, सेलिगमन आणि कॅनन लागले, शाहू महाराज लागले, नवल भथेना लागले, आणि प्रत्येक दिवशी रमाई लागल्या. आज आपल्या उपनगरांत शेकडो मंडळे आहेत, विहारे आहेत, जयंतीला लाखोंची वर्गणी जमते. त्यातून एक छोटा निधी बाजूला काढता येईल का? प्रवेशपत्र हातात आहे पण फीचा पहिला हप्ता नाही, अशा एका मुलीसाठी? जून-जुलैत विहाराच्या खोलीत दोन पदवीधरांनी रोज संध्याकाळी बसून फॉर्म भरून द्यायचे, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर कुणाला लागते कुणाला नाही, हे समजावून सांगायचे, तारीख चुकली तर सोबत कार्यालयात जायचे, एवढे तरी? मिसेस मेअर यांनी एक पत्र लिहिले होते. तेवढेच काम कधीकधी पुरते.

आणि निर्णय नकाराचा आला तर? मार्च १९२३ मध्ये बाबासाहेबांच्या हातात नकारच होता. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रबंध पुन्हा पाठवला.

पुढच्या वेळी फोटोसमोर उभे राहून पदव्या म्हणाल तेव्हा जरा सावकाश म्हणा. एम.एस्सी. आणि डी.एस्सी. यांच्या मध्ये एक श्वास घ्या. त्या श्वासाच्या जागी एक परत आलेला प्रबंध आहे, परळच्या चाळीतला दिवा आहे आणि बोटीने येणाऱ्या पत्राची वाट पाहणारा बत्तीस वर्षांचा विद्यार्थी आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.